दुसऱ्या दिवसाची करी

गॅस रात्रभर बंद,
तरी पातेल्यात एक बुडबुडा आला,
झोपेत कुणी बोलावं तसा.

मुरलेली करीच खरी, गेंझो म्हणाला.
हिसाए गप्प.
तीस वर्षं शाळेच्या स्वयंपाकघरात काढलेली बाई.
तिनं डाव उचलला :
बटाट्यामागे तार आली, लांब,
तुटता तुटेना.
वास? वास चांगलाच होता,
तोच तर घोळ.

'उकळू की परत.'
'सगळं मरत नाही उकळून,'
आणि पातेलं उचललं तिनं.

ओतारूत बाहेर बर्फ, घरात हीटर.

संध्याकाळी नवी करी झाली.
उरली ती गेंझोनं न सांगता
उथळ डब्यांत ओतली,
अंगणातल्या बर्फात डबे रोवले,
आणि निवेपर्यंत
टोपी न घालता उभा राहिला
कावळे हाकत.