कोठीतला दिवा

मालदांडी वाळली का
हे दमयंतीकाकू दाताला विचारतात.
दाणा कट् म्हणाला तर भरायची,
नुसता दबला तर अजून एक ऊन.
चैत्रात मंगळवेढ्याला उन्हाची काय वाण.

गेल्या साली मी विचारलं नव्हतं.
श्रावणात एका रात्री लाइट गेली, पंखा थांबला,
कोठीला पाठ टेकून बसले होते
तर पाठीला काहीतरी ऐकू आलं.
लांब कुणी पापड मोडत असावं, तेवढंच.

सकाळी हात घातला कोपरापर्यंत.
वरची ज्वारी गार, आत ताप.
मूठ उघडली तर दाण्याला एकेक भोक,
आणि तळहातावर सोंड हलवत
एक टोका, अगदी सवडीनं.
पीठ विरी गेलेलं, भाकरी थापताना चिरत होती,
तव्यावर टाकेपर्यंत तिचे दोन जिल्हे व्हायचे.

दुकानदारानं गोळ्या काढल्या, नळीवर कवटीचं चित्र.
म्हणाला, खोली बंद ठेवा चार दिवस.
खोली आहेच एक.
कोठी, आम्ही तिघं, आणि कस्तुराची शाळेची पेटी.
गोळ्या त्याच्याच काउंटरवर राहिल्या.

यंदा दोन उन्हं जास्त दिली.
पत्र्याची कोठी पुसली, सांध्यांना डांबर,
तळाला लिंबाचा पाला, सावलीत वाळवलेला.
गळ्यापर्यंत ज्वारी.
मग काकूंनी वर एक पणती ठेवली,
करडईचं तेल, जाड वात.
पेटवली, झाकण घातलं,
कडेनं शेणमाती लिंपली बोटभर.

कस्तुरा म्हणाली, आत कुणाला दिसायचंय?
काकू म्हणाल्या, दिसायला नाही गं,
आतला वारा खायला ठेवलाय त्याला.
त्याचं जेवण झालं की टोक्याला उरत नाही.

पोरगी पत्र्याला कान लावून बसली.
"अजून आहे," म्हणायची,
जेवताना उठून एकदा, झोपताना एकदा.
तिला काय ऐकू येत होतं कोण जाणे.

श्रावणात माती खरवडली.
झाकण हट्टानं निघालं.
ज्वारी गार, वरपासून कोपरापर्यंत.
पणतीच्या काठावर दोन टोके, पाय वर करून,
आणि पणतीत तेल, अर्ध्याहून जास्त.
वात नुसती टोकाला काळी.

काकूंनी एक दाणा दाताखाली धरला.
कट्.

तेल फेकवेना.
रात्री टाचांच्या भेगांना लावलं.