रकाना चौथा, रकाना पाचवा

खाडीचं खारं पाणी जिथवर चढून येतं
त्याच्याही वर, तीन वळणं वर,
काजळी नदी एका जागी थांबते.
त्या थांबण्याला कोंड म्हणतात.
काठावरच्या सतरा घरांनाही कोंडच.

मी मत्स्यखात्याचा. हातात तक्ता.
रकाना चौथा: स्थानिक नाव. पाचवा: नावाचा अर्थ.
पुस्तकात महसीर.
कुणी फोड करतं महा-शिर, मोठ्या डोक्याचा;
कुणी म्हणतं शिर नव्हे, शल्क,
तळहाताएवढं खवलं बघा की;
कुणी फारसीतून आणतं, माही आणि शेर,
पाण्यातला सिंह.
गळाला लावून तास तास त्याच्याशी झुंजणारे साहेब
आपापल्या कानाने नाव लिहून गेले.
माशाला विचारलेलं दिसत नाही.

धाकू मांडवकर उकिडवा बसून ऐकतो.
"आमी खडस म्हनतो."
का?
"खडकाला आंग घासतो म्हनून."
"खुळा की काय," मागून येसू, कमरेवर धुण्याची बालदी,
"खडा टाकला की वर येतो, म्हनून खडस."
चाळीस वर्षांच्या संसारात यावर जुळलेलं नाही.
मी दोन्ही लिहून घेतो. पेन्सिलने.

मग धाकू सांगतो, न विचारलेलं.
आजा घाटरस्त्याच्या कामावर होता.
एका दुपारी धोतराच्या सोग्यात सुरुंगाची कांडी घेऊन आला.
कोंडात एकच आवाज.
पांढरी पोटं वर आली, सुपं भरली, हारे भरले,
वाडीत त्या रात्री कुणी उपाशी निजलं नाही
आणि सकाळी कुणी ओळख दिली नाही.
तेव्हापासून हे खडसाचं घर.
शाळेच्या दाखल्यावर मांडवकर,
हाकेत खडस. बाप खडस, हा खडस,
पोरगा डोंबिवलीला, तिथल्या ग्रामस्थ मंडळात तोही खडस.

"माजं नाव त्याच्यावरनं पडलं, सायेब.
त्याचं कशावरनं, ते त्याला इचारा."

कोंडात मासा परतायला एकवीस पावसाळे लागले.
बापाने मोजले होते.
आता रोज उन्हं कलली की धाकू
भाताची मूठ पाण्यावर सोडतो,
हात लगेच मागे घेत नाही.

पलीकडच्या काठावरून कुणी ओरडतं:
"खडसाऽ, रेडा सुटला रे तुजा!"

धाकू वळतो.
भाताखालचं काळं पाणीही,
किंचित.