टोक

अक्कलकोट रोडचे माग बंद पडून
आज एकोणीस दिवस.
रात्री झोप लागत नाही,
खडखडाट नाही म्हणून.

पाणी पाचव्या दिवशी, पहाटे तीनला.
नळाला घागर लावून
शांतवन पुटपुटतात, "प्रभू, आजचं बघ."
उद्याचं मागतच नाहीत.
मला राग येतो.
रविवारी दानपिशवीत दहाची नोट टाकली
तेव्हाही आला होता.

खांद्यावरच्या टॉवेलावर बोट फिरवत म्हणतात,
"धागा तुटला की माग आपोआप थांबतो, सुवार्ते.
बिघडला म्हणून नाही.
विणणारा वाकून टोक शोधत असतो."

घागर भरून वाहते.
अंधारात टॉवेल चाचपते मी.
एक गाठ लागते बोटाला, बारीक.
ओढून बघते.

सुटत नाही.