लाभ, दोन, तीन

आडतीत कुणी एक म्हणत नाही.
पहिल्या मापाला लाभ म्हणायचं, मग दोन, मग तीन.
एकतीस वर्षं लातूरच्या यार्डात, तुरीच्या धुळीत
मी असंच मोजलं.
आता गच्चीवर पावलं मोजतो,
पहाटे, दोन टाक्यांच्या मधल्या जागेत,
गुडघ्याला पट्टी बांधून.

लाभ.

निलोफर शिकवते. उदगीरची पोर,
दवाखान्यात लोकांचे गुडघे वाकवून घेते.
ही चाल चीनची म्हणाली, ताई-ची,
तुमच्या वयाला बरी.
म्हटलं, बाई, चालता येतं की मला.
तर म्हणते, "मामा, तुम्ही चालत नाही,
पडता.
दर वेळी पाय आडवा येतो म्हणून वाचता."

तीन रात्री ते डोक्यात खडखडलं,
रिकाम्या डब्यात एकच तुरीचा दाणा.

तर असं असतं बघा:
सगळं वजन मागच्या पायात मुरू द्यायचं,
थप्पीत कट्टा बसतो तसं.
पुढचा पाय रिकामा.
टाच टेकवायची, नुसती टेकवायची,
रुमालाखालच्या बोलीसारखी;
बोट दाबलं, सौदा अजून झालेला नाही,
पटलं नाही तर परत उचलता आली पाहिजे.
मग कमरेतून, सावकाश,
या पारड्यातलं त्या पारड्यात.
आणि डोकं वरखाली होता कामा नये.
मी टाकीच्या काळ्या कडेवर नजर धरतो,
कडा हलली की
परत लाभपासून.

दोन महिने मी चारच्या पुढं गेलो नाही.

चैत्रात शेवंता कुरडया घालायला वर आली.
बघत राहिली. "काही हरवलं का तुमचं?"
"हाव," म्हटलं, "बघतोय."
तिनं काही विचारलं नाही,
कुरडयांच्या दोन रांगांत
हातभर वाट सोडली.
पावलं एका दोरीवर नकोत, रुंद हवीत,
हे निलोफर सांगून थकली होती;
त्या वाटेनं एका सकाळीत शिकवलं.
(एक कुरडई गेली. ती मीच खाल्ली.)

तरी उजवा पाय काहीतरी लपवतोय असं वाटायचं.
किराणावाल्या कलशेट्टीकडून दोन वजनकाटे आणले,
एकेका काट्यावर एकेक पाय,
ताठ, अगदी समान उभा राहिलो
माझ्या मते.
उजवा चौतीस. डावा सत्तावीस.
सात किलोचा पासंग!
जन्मभर दुसऱ्यांच्या काट्यात शोधला,
आणि हा इथं, धोतराखाली.

एकदा मीही पारड्याखाली चिंचेचा गोळा चिकटवला होता.
आडत्यानं सांगितलं म्हणून.
करडईचा हंगाम होता, एकच दुपार.
संध्याकाळी नखानं खरवडून काढला,
पण काही सकाळी तो टाचेखाली लागतो,
चिकट.

परवा काय झालं सांगता येत नाही.
पाऊल ठेवलं, तळवा पसरत गेला
परातीत भाकरी थापावी तसा,
टाच, मग बाहेरची कड, मग बोटं,
आणि वजन कधी गेलं ते कळलंच नाही.
मागचा पाय आपोआप हलका.
टाकीची कडा जागच्या जागी.
मोजायचंही राहून गेलं.

निलोफरला फोन लावला. ती ड्यूटीवर.
ऐकून घेतलं, म्हणाली,
"मस्त. आता तसंच उलटं, मागं मागं या."

मागं?
मापाडी कधी मागं मोजत नसतो, बाई.

खाली टँकर वाजतोय, शेवंता हाका मारतेय.
जिन्याची पहिली पायरी,
टाच टेकवून बघतो.