उघाडी

चौदा दिवस मी एका क्रियापदाजवळ बसून होते.
परदेशातलं दालन, जाड पडदे,
मसुद्याच्या सातव्या ओळीत
‘करतील’ असावं की ‘करावे’,
यावर दोन रात्री गेल्या.
ज्यावर एकमत नाही तो शब्द चौकटीत ठेवतात.
शेवटी पानभर चौकटीच.
खिडक्या खूप, आणि घर नाही.

माझं काम नोंदीचं.
कोण तत्त्वतः सहमत,
कोण पाणी प्यायला उठला तो आलाच नाही.
एका बेटाचा माणूस होता, त्याला तीन मिनिटं.
तिसऱ्या मिनिटाला दिवा लाल झाला,
त्याचे ओठ हलत राहिले. ते कुठे नोंदवायचं?
पहाटे टाळ्या वाजल्या. ‘करावे’ राहिलं.
त्याच्या पुढचं ‘शक्य असल्यास’ तेही राहिलं.

आता कोळंबच्या खाडीवर
बांधावर उकिडवी बसून
दुसऱ्या बैठकीची नोंद घेते आहे, सवयीनं.
उघाडीची फळी कुजली आहे.
अमावास्येचं उधाण साडेअकराला.
नऊ वाजून गेलेत.

देऊ खवणेकरचा कुणगा उंचावर,
तो म्हणतो, मी कित्याक पैसे देऊ?
शेवंती पराडकर म्हणते, तुझ्या शेताचा पाणी
माझ्याच कुणग्यातून जाता, ता इसारलंस?
कोळंबीच्या तळ्यासाठी बांध कुणी कापला होता
हे सगळ्यांना ठाऊक. त्याचा मुलगा मागे उभा.
“बापाशीन कापल्यान. मियां नाय.”
हे वाक्य मी सहा भाषांत लिहिलेलं आहे.

बावतीस फर्नांडिस उघाडीवर बसलाय, पाय पाण्यात.
तो कुणाच्याच बाजूनं बोलत नाही.
“घोट्याक लागलां,” म्हणतो.
भांडण पुन्हा सुरू. खर्चाची वाटणी, मग जुनी एक म्हैस,
मग कुणाच्या तरी लग्नातलं जेवण.
“नळयेक.”
या वेळी सगळे खाली बघतात.

देऊ उठून गेला. मी लिहिलं: सभात्याग.
अर्ध्या तासानं आला, खांद्यावर ऐनाची फळी.
सहमत आहे असं काही तो बोलला नाही.
फळी बोटभर आखूड निघाली.
चिखल, पेंढा, शेवंतीच्या जुन्या लुगड्याची चिंधी,
आणि कापणाऱ्याचा मुलगा छातीएवढ्या पाण्यात,
पाठीनं फळी दाबून.

रात्री पत्र उघडलं.
वाटाघाटींत सुधारणा सुचवा, कमाल दोनशे शब्द.
लिहिलं: प्रत्येक सभेत एक माणूस
पाण्यात पाय सोडून बसवावा.
त्याला मत नसावं. दिवाही नसावा.

मग ‘बसवावा’ खोडलं. ‘बसवतील’ केलं.
कोण, ते सुचेना.
बाहेर ओहोटी लागली होती,
आणि फळीच्या फटीतून, दिवसा आत येत होतं तसंच,
थोडं थोडं पाणी आता बाहेर जात होतं.