थंड असतानाच विचारायचं

एवेर्ती मोइलानेननं गाडी आदल्या संध्याकाळीच आणून सोडली,
मी सांगितलं होतं तशी.
रात्रभर ती माझ्या गॅरेजबाहेर उभी, उणे चोवीसात,
बॉनेटवर चार बोटं बर्फ.
हिला थंड असतानाच विचारावं लागतं.
एकदा तापली, की ताकास तूर लागू देत नाही.

आधी केमियार्वीतल्याच दोघांनी पाहिली होती.
एक म्हणाला, व्हॉल्व्ह वाजतोय.
दुसऱ्यानं टर्बोच बदलायचा आकडा सांगितला;
आकडा ऐकून म्हातारा घरी गेला
आणि वर्षभर तशीच चालवत राहिला.

सकाळी सहा. चावी फिरवली.
टिक टिक टिक टिक,
शेजारच्या खोलीत कुणी घाईनं शिवण शिवावी तशी.
हीटरच्या पाइपाचा हातभर तुकडा घेतला,
एक टोक कानाशी, दुसरं मॅनिफोल्डवरून फिरवत नेलं.
पहिल्या नळीपाशी काही नाही.
दुसरीपाशी काही नाही.
तिसरीपाशी पुटपुट.
चौथीपाशी कुणीतरी थेट कानात फुंकलं.

हातमोजा काढून तळवा धरला:
कोमट, ओलसर, ठरावीक अंतरानं.
टर्बोचं जगणंच असं,
इंजिनानं टाकून दिलेल्या श्वासावर तो फिरतो.
तोही वाटेतच कुणी चोरला
तर चढावर शिट्टी उशिरा येते
आणि माणसाला वाटतं, गाडी म्हातारी झाली.

इंजिन थोडं पळवलं. आठ मिनिटांत टिकटिक विरळ झाली, मग गेलीच.
लोखंड फुगलं, फट मिटली,
तोंड पुसून बसलेल्या मांजरासारखी गाडी.

आरसा आणि बॅटरी घेऊन वाकले.
शेवटचा स्टड मुळाशी तुटलेला,
गॅस्केटच्या कडेपासून काजळी पंख्यासारखी.
इथवर ठीक.
पण काजळी फार होती.
पार मागच्या पत्र्यापर्यंत,
हीटर जिथून हवा ओढतो त्या जाळीपर्यंत.
आठ-दहा मिनिटं उघडणारी फट एवढं काळं करत नाही.
ही गाडी कुठेतरी थंडीत, जागच्या जागी,
तासन् तास धडधडत उभी राहिलीय.

फोन केला. डोकं दुखतं का?
"गुरुवारी," ते म्हणाले. "गुरुवारी दुखायचंच."
निघण्याआधी किती वेळ तापवता?
"टिकटिक थांबेपर्यंत. अर्धा तास, कधी जास्त."
कुठे बसता तेव्हा?
"आतच. काचा लावून."

गुरुवारी ते कुठे जातात, गावाला ठाऊक आहे.
भेटीची वेळ एक ते तीन.
किल्ल्या, घड्याळ, पट्टा
ट्रेमध्ये काढून ठेवायचं, मग दार उघडतं.
मुलाला अजून सहा वर्षं आहेत.

स्टड काढायला दुपार गेली,
आच देऊन, थांबून, पुन्हा आच देऊन.
दोन शिव्या घातल्या, तिसरीला निघाला.
नवं गॅस्केट, नवे नट.
दुसऱ्या दिवशी ते आले तेव्हा गाडी पुन्हा गार होती.
मीच सुरू करून दाखवली.

ते वाकून ऐकत राहिले.
टोपी काढून ऐकत राहिले.
"आता वाजणार नाही?"
नाही.
"मग निघायची वेळ झाली, हे मला कसं कळणार?"

मी तापमानाच्या काट्याबद्दल काहीतरी सांगितलं.
दोन मिनिटं पुरतात म्हटलं, मग हळू चालवत न्यायची.
मेकॅनिकनं सांगावं तेवढंच.
त्यांनी पैसे मोजले,
तुटलेला स्टड मागून घेतला, कोटाच्या खिशात टाकला.
ट्रेमध्ये काढून ठेवायला आणखी एक वस्तू.

गुरुवारी मी शटरपाशी कॉफी पीत होते.
साडेआठलाच गाडी गेली.
चढाला शिट्टी वेळेवर आली,
बारीक, स्वच्छ.
पुढच्या वळणावर ब्रेकचे दिवे लागले
आणि बराच वेळ लागलेलेच राहिले.