यंदा पाळी आमची

चोवीस तारखेची सकाळ. शटर अर्धंच वर गेलेलं,
तेवढ्यात वाकून बोस्त्याव आत आला,
हातात बुटांचं खोकं.
"धर. रात्री साडेअकराक घेवन ये.
आणि ह्येच्या वर काय ठेव नको."

खोक्यात कापूस, कापसात बाळ.
वीतभर, मातीचं. डाव्या पायाची करंगळी उडालेली.
गालांवर गुलाबी रंग शिल्लक आहे,
कोपरांवर नाही.

गोठा केव्हाच उभा राहिलाय, वेंगुर्ल्याच्या मच्छीमार्केटच्या तोंडाशी:
मासळीच्या खोक्यांच्या फळ्या, माडाची झावळं,
रेडीची तांबडी माती.
गणपतीच्या शाळेतल्या आपा मेस्त्रीने
योसेफाला नवी दाढी लावली, ती जरा
शंकराकडे झुकते. फादर हसले, म्हणाले, राहू दे.
मेंढरं आली, राजे आले,
उंट सावंतवाडीचा, लाकडी, चाकांसकट.
फक्त गवताच्या मधोमध एक खळगा,
तो मध्यरात्रीपर्यंत मोकळा ठेवायचा.

तोवर बाळाने राहायचं कुठे?
पूर्वी इगर्जीतल्या कपाटात. एका साली कपाटाला वाळवी लागली,
तेव्हाच्या फादरनी समोरच्या वाण्याकडे दिलं सांभाळायला.
तेव्हापासून बाजारात पाळी.
एक साल कापडवाला, एक साल औषधवाला,
गेल्या साली मुजावरची बेकरी.
त्या रात्री बाळाला पावाचा वास येत होता म्हणतात.
यंदा आम्ही. कुलपं, कंदील, छत्र्या,
खिळे वजनावर.

गल्ल्यात ठेवलं. दुसरी जागा होती कुठे?
नोटांचा कप्पा रिकामा केला, चिल्लर डावीकडे सारली.
आणि बाजाराचा दिवस सुरू झाला.

दर गिऱ्हाइकाला गल्ला उघडायचा,
दर वेळी ते डोळे उघडेच.

आरवलीच्या एका माणसाने अर्धा किलो खिळे मागितले.
काटा थांबेपर्यंत थांबलो.
एरवी थांबतो असं म्हणवत नाही.

रोझालिन आली, चांदणीसाठी वायर न्यायला.
नवरा जहाजावर, दोन वर्षांची उधारी.
उधारीची वही गल्ल्याच्या खालच्या खणात असते.
वायर मापून दिली. थोडी जास्तच भरली.
ती वहीची वाट बघत उभी राहिली,
मग गेली.

दुपारी भावाचा फोन. काजूच्या बागेचा हिस्सा.
आवाज चढायला लागला तसा मी गल्ला आत लोटला,
तर अडकला. बोटभर फट उरली,
फटीत एक पाय, करंगळी नसलेला.
"रात्री बोलू" म्हटलं.
रात्री बोललो नाही.
भांडलोही नाही.

साडेअकराला निघालो. दुकानापासून गोठा चाळीस पावलं,
मला तरी त्या दिवशी शंभर वाटली.
पोरांचा बँड सुरातून निसटत, परत सुरात येत,
वरून कागदी चांदण्या खाऱ्या वाऱ्यात फडफडत,
शेवटची मालवण गाडी हॉर्न न वाजवता उभी.
ड्रायव्हरला कोणीतरी खिडकीतून नेवऱ्या दिल्या.
मासे विकणाऱ्या सुलभाने पाटी बाजूला ओढून वाट केली
आणि पदराला हात पुसले,
हातात काहीच घ्यायचं नव्हतं तरी.

ज्याची पाळी त्याच्याच हाताने ठेवायचं, असा रिवाज.
माझ्या नखांत ग्रीस.
"सावकास," बोस्त्याव म्हणाला,
चाळीस वर्षं तेच म्हणत असेल.
ठेवलं. गवत थोडं खचलं.
मग गाणं, मग फटाके, मग सगळ्यांची
एकमेकांच्या पोरांना शोधायची गडबड.

दुकानात परतून हिशोब केला. सत्तर रुपये कमी.
दोनदा मोजले. तरी सत्तर.
दिवा मालवून घरी आलो, झोपलो.

पुढच्या साली पाळी सलूनवाल्या दत्तारामची.
काल दाढी करताना विचारत होता,
काय काय करावं लागतं रे?
काही नाही, म्हटलं.
दिवसभर दुकान उघडं ठेवायचं.